बस वाढवूनही थांब्यावर ताटकळणे का संपत नाही?

गोव्यात सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला की ‘बसगाड्या वाढवा’ ही मागणी सर्वांत आधी पुढे येते. मागणी रास्त असली तरी तिच्यामागचा समज अपुरा आहे. कारण प्रवाशाला थांब्यावर किती वेळ उभे राहावे लागेल, हे गाड्यांच्या संख्येइतकेच त्या किती नियमित अंतराने येतात यावर अवलंबून असते.

समजा, एका मार्गावर तासाला सहा बस धावतात. त्या दर 10 मिनिटांनी आल्या, तर केव्हाही थांब्यावर पोचलेल्या प्रवाशाला सरासरी 5 मिनिटे थांबावे लागेल. त्याच सहा बस जोडीजोडीने, म्हणजे आळीपाळीने 2 आणि 18 मिनिटांच्या अंतराने आल्या, तर तासातील 54 मिनिटे मोठ्या अंतरांनीच व्यापली जातात. साहजिकच दहापैकी नऊ प्रवासी त्यांतच सापडतात आणि सरासरी 9 मिनिटे थांबतात, उरलेला एक जण सरासरी 1 मिनिट. सर्वांची मिळून सरासरी 8.2 मिनिटे होते. सूत्ररूपाने सांगायचे, तर अंतरांच्या प्रमाण विचलनाला (अंतरे सरासरीपासून किती इकडेतिकडे होतात याच्या मापाला) सरासरी अंतराने भागून त्याचा वर्ग करावा, त्यात एक मिळवावा आणि येणाऱ्या संख्येने सरासरी अंतराच्या निम्म्याला गुणावे. आपल्या उदाहरणात 5 गुणिले 1.64.

या जोड्या जुळतात कशा, याचे गणिती विवेचन न्यूएल आणि पॉट्स यांनी 1964 मध्ये केले. थोडी उशिरा आलेली बस थांब्यावर साचलेले जास्त प्रवासी घेते, त्यांच्या चढण्या-उतरण्यात आणखी मागे पडते; तिच्या पाठची बस मात्र रिकामे थांबे मिळाल्याने तिला गाठते. गोव्यातील खाजगी बसच्या बाबतीत यात आणखी एक कारण मिसळते. मालकाची कमाई दिवसभराच्या तिकिटांवर असल्यामुळे चालक मोठ्या थांब्यावर रेंगाळतो, कंडक्टर ‘फुडें वच’ (पुढे सरक) म्हणत दारापर्यंत माणसे भरतो आणि मागची बस दिसताच गाडी सुसाट निघते. दोष चालकांच्या स्वभावाचा नसून मोबदल्याच्या पद्धतीचा आहे. म्हणूनच 2023 मधील ‘म्हजी बस’ योजनेत खाजगी बस गोवा सरकारच्या कदंब परिवहन महामंडळाच्या छत्राखाली आणून मालकाला किलोमीटरप्रमाणे मोबदला देण्याची कल्पना मला मोलाची वाटते. मोबाइल अ‍ॅपचा गाजावाजा मात्र आवरता घ्यावा. बस कुठे आहे हे अ‍ॅप दाखवते, दोन बसमधले अंतर ते सुधारत नाही.

बस नियमित आल्या तरी त्या जिथे पोचत नाहीत, तिथे छोट्या वाहनांची साथ लागते. हाँगकाँगने 1969 मध्ये बेकायदा धावणाऱ्या छोट्या गाड्यांना परवाने दिले आणि पुढे त्यांतल्या अनेकांना ठरावीक मार्ग व ठरावीक भाडे लावून दिले. आपल्याकडेही 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात बसला पूरक अशा छोट्या वाहनांच्या वाहतुकीचा विचार आहे. गोव्यात तिची गरज अधिक, कारण वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली आहे आणि मुख्य रस्त्यावरून आत प्रत्येक वाड्यात मोठी बस नेणे परवडणारे नाही. भाडे घेऊन प्रवासी नेणारी, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवणारे परवानाधारक ‘पायलट’ हे काम अनेक दशके करत आहेत, तरी पायलटांचे थांबे बहुधा जागा उरेल तिथे ठरतात. बसस्थानकाचा आराखडा काढतानाच फलाटालगत त्यांची आणि रिक्षांची जागा राखून ठेवली, तर बसमधून उतरल्यावरची दुसरी प्रतीक्षाही कमी होईल.