काठी कोणासाठी हवी? – मल्टिपल स्क्लेरोसिसविषयी थोडं

"आजींसाठी बघताय का?" आमच्या दुकानात काठी मागायला कुणी आलं की आम्ही पूर्वी हमखास असं विचारायचो. समोरची तिशीतली ताई जरा थांबून म्हणायची, "नाही, मलाच हवीय." असं दोन-चारदा झालं आणि आम्ही तो प्रश्न सोडून दिला. आता फक्त उंची विचारतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा म्हातारपणाचा आजार नव्हे. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांच्या निदान दुप्पट बायकांना होतो. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरीवरचं प्लास्टिक सोलवटावं तसं. मग कधी एका डोळ्याला धूसर दिसतं, कधी पायाला मुंग्या येतात, कधी तोल जातो. सगळ्यांना सगळं होत नाही.

जगात सुमारे 29 लाख लोकांना एमएस आहे. विषुववृत्तापासून लांबच्या थंड देशांत, विशेषतः युरोपात आणि कॅनडात, प्रमाण जास्त. आपल्याकडे मंगळुरूच्या पाहणीत लाखामागे साधारण 8 रुग्ण आढळले. त्या हिशेबाने दहा लाख वस्तीच्या शहरात ऐंशीएक माणसं. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात मात्र जुन्या पाहण्यांत लाखामागे 20 हून अधिक निघाले होते. एमआरआय गावोगावी पोहोचल्यापासून निदानही वाढलं आहे, तेव्हा "हल्ली हे फारच वाढलंय" असं ऐकलं तर घाबरू नका.

हा आजार संसर्गजन्य नाही. आईला असला म्हणून मुलीला होतोच असंही नाही. धोका थोडा वाढतो, इतकंच.

बहुतेकांचा आजार सुरुवातीला अटॅक येऊन ओसरणारा असतो. म्हणून व्हीलचेअर लगेच विकत घेऊ नका, आधी भाड्याने न्या. (आमचा गल्ला थोडा कमी भरेल, चालेल.) उन्हाने त्रास वाढत असेल तर दुपारी येऊ नका, फोन करा, सामान घरपोच देऊ. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

काठी घ्यायला येताना रोजच्या वापरातली चप्पल किंवा बूट घालून या. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यायला हवी, आणि ते माप पादत्राणांसकटच घ्यावं लागतं.