नवा सर्व्हर, जुनं टूल : सोर्स कंट्रोलच्या न जुळणाऱ्या गणिताची पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेजच्या लॅबमध्ये डोकावलं, की एकाच रांगेत कॉम्प्युटरच्या तीन पिढ्या बसलेल्या दिसतात. पुसद आणि शेगावची इंजिनिअरिंग कॉलेजं १९८३ पासूनची. एवढ्या वर्षांत मशीन टप्प्याटप्प्याने आल्या आणि जुन्या काही कोणी बाहेर काढल्या नाहीत. एकीवर विंडोज ७ आणि मायक्रोसॉफ्टचं कोड लिहायचं टूल व्हिज्युअल स्टुडिओ २०१०, शेजारच्या मशीनवर विंडोज १०, आणि फायनल इयरच्या पोराच्या मांडीवर त्याचा स्वतःचा नवा लॅपटॉप. प्रोजेक्ट तोच, सर्व्हरही तोच. लॅपटॉपवरून कोड चढतो, लॅबच्या मशीनवरून चढत नाही. मग "काहून बे, घरी तर झालं होतं ना पुश?" असा सवाल येतो आणि सगळे जण नेटला शिव्या घालतात. नेटचा दोष असतोही, पण प्रत्येक वेळी नाही.

या भानगडीचं मूळ एकच आहे. कोड जिथे साठतो तो सर्व्हर एकाच्या हातात असतो आणि कोड लिहायचं टूल दुसऱ्याच्या. सर्व्हरवाला पुण्यात किंवा अमेरिकेत बसून एका रात्रीत नवी आवृत्ती चढवतो. टूलवाल्याला मात्र लायसन्स, डिस्कवरची जागा, डाउनलोडचा डेटा आणि लॅब इन्चार्जची परवानगी, एवढं सगळं जमवावं लागतं. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या आणि तो गटात वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला सोर्स कंट्रोल म्हणतात. गेल्या पन्नास वर्षांत त्यात जे बदल झाले, त्यांतला प्रत्येक बदल या दोघांमधलं अंतर कसं हाताळायचं यावर येऊन ठेपतो.

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस हे सोर्स कंट्रोलचं सॉफ्टवेअर लिहिलं, १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस आणलं. दोन्ही एकाच मशीनवर चालणारी. डिक ग्रून यांच्या १९८६ च्या सीव्हीएसने पुढे नेटवर्कवरून काम करायची सोय दिली, आणि तिथून सर्व्हर व क्लायंट, म्हणजे आपल्या मशीनवरचं टूल, हे वेगवेगळे झाले.

आपल्याकडच्या बहुतेक प्रोग्रामरांची ओळख मात्र यांच्याशी झाली नाही, झाली ती व्हिज्युअल सोर्ससेफशी. वन ट्री सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचं हे उत्पादन मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये कंपनीसकट विकत घेतलं. त्याची ६.० ही आवृत्ती १९९८ ची, शेवटची २००५ ची. सोर्ससेफला खरा सर्व्हर नव्हताच. एक शेअर केलेलं फोल्डर असायचं आणि प्रत्येकाचं मशीन त्यातल्या फायलींमध्ये थेट लिहायचं. लिहिता लिहिता लाइन गेली की फाइल अर्धवट. भारनियमनाच्या काळात, जेव्हा खेड्यापाड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसायची आणि यूपीएसची बॅटरी नावालाच उरलेली असायची, तेव्हा हे फोल्डर किती वेळा दुरुस्त करावं लागलं असेल याचा अंदाज वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावा. त्यासाठी अ‍ॅनालाइझ नावाचा एक प्रोग्राम सोबतच मिळायचा, यातच सगळं आलं.

पण सोर्ससेफच्या काळात एक चांगली गोष्ट झाली, तिचं श्रेय द्यायला हवं. टूल आणि सोर्स कंट्रोल यांच्यामध्ये मायक्रोसॉफ्टने एक ठरावीक सॉकेट बसवलं. त्याचं लांबलचक नाव मायक्रोसॉफ्ट सोर्स कोड कंट्रोल इंटरफेस, लोक म्हणत एमएसएससीसीआय. सॉकेट पाळणारी डीएलएल, म्हणजे टूलला जोडता येणारी प्रोग्रामची फाइल, कोणीही लिहावी आणि व्हिज्युअल बेसिक ६ पासून पॉवरबिल्डरपर्यंत कुठेही बसवावी. पलीकडे कोणता सर्व्हर आहे हे टूलला माहीत असायची गरज नाही. यामुळे पुढे काय साधलं ते खाली येईलच.

मार्च २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच टीम फाउंडेशन सर्व्हर, म्हणजे टीएफएस २००५, बाजारात आला. याच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस, आणि बोलणं वेबसाइटसारखं एचटीटीपीवरून, ८०८० नंबरच्या पोर्टवर. फायली खराब होण्याचं दुखणं गेलं, त्या जागी आवृत्त्यांचं दुखणं आलं. टीएफएस २००८ पर्यंत निभावलं. खरी गंमत २०१० मध्ये झाली.

त्या वर्षीच्या टीएफएसने प्रोजेक्टांचे गठ्ठे करायची सोय दिली, त्यांना कलेक्शन म्हणत. सोय उत्तम होती, पण तिच्यामुळे सर्व्हरचा पत्ताच बदलला. आधी सर्व्हरचं नुसतं नाव टाकलं की भागायचं. आता नावापुढे पोर्ट, मग तिरपी रेघ, टीएफएस, पुन्हा तिरपी रेघ आणि कलेक्शनचं नाव, असा पूर्ण पत्ता लागू लागला. व्हिज्युअल स्टुडिओ २००८ च्या खिडकीत हा पत्ता टाकला, तर नावात तिरपी रेघ चालत नाही म्हणून ती खिडकी हटून बसायची. नुसतं नाव टाकावं, तर टीएफ३१००२ नंबरची एरर. सर्व्हर सुरू, नेट सुरू, पासवर्ड बरोबर, आणि तरी जोडणी नाही.

यावर मायक्रोसॉफ्टने पॅच दिला, पण तो बसवायचा क्रम ठरलेला होता. आधी स्टुडिओला टीएफएसशी जोडणारं टीम एक्सप्लोरर २००८, मग व्हिज्युअल स्टुडिओ २००८ चा सर्व्हिस पॅक १, आणि शेवटी हा पॅच. ज्याने सर्व्हिस पॅक आधीच टाकून ठेवला होता आणि टीम एक्सप्लोरर नंतर बसवलं, त्याला सर्व्हिस पॅक परत टाकावा लागे. कारण पहिल्या वेळी टीम एक्सप्लोररच्या फायली मशीनवर नव्हत्याच, मग त्या दुरुस्त कशा होणार? या सर्व्हिस पॅकची पूर्ण डिस्क इमेज होती सुमारे ८३० एमबी. ५१२ केबीपीएसची ब्रॉडबँड लाइन एकदाही न तुटता पूर्ण वेगाने चालली, तरी साडेतीन तासांच्या वर. आणि आपल्या भागातली लाइन पूर्ण वेगाने साडेतीन तास चालणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. म्हणून नागपूर-अमरावतीहून येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून डीव्हीडी यायची आणि ती आख्ख्या तालुक्यात फिरायची.

एवढं करूनही जुन्या टूलला नव्या सर्व्हरवर सगळे हक्क मिळत नसत. फायली घेणं आणि परत ठेवणं जमे. नवा टीम प्रोजेक्ट तयार करायचा, तर टीम एक्सप्लोरर २०१० च पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या लेखी जुनं चालतं याचा अर्थ एवढाच होता. व्हीबी ६ वर अडकलेल्यांना मात्र त्या जुन्या सॉकेटने तारलं. टीएफएससाठी एमएसएससीसीआयचा प्रोव्हायडर, म्हणजे त्या सॉकेटमध्ये बसणारा जोड, निघाला आणि १९९८ चं टूल नव्या सर्व्हरशी बोलू लागलं. कित्येक वर्षांपूर्वी ठरवलेली साधी जोडणी कामी आली, आणि ताजी जोडणी तेवढी पॅच मागत राहिली. मला तरी यात टीएफएस बनवणाऱ्यांची घाईच दिसते.

टीएफएसचा दुसरा गुण गावाकडच्या माणसाला जास्त जाचायचा. सर्व्हरवरून आणलेल्या सगळ्या फायली रीड-ओन्ली असायच्या. एका ओळीत बदल करायचा, तरी टूल आधी सर्व्हरला विचारणार, मग फाइल मोकळी होणार. ऑफिसच्या केबलवर हे कळतही नाही. मोबाइलच्या डोंगलवर बसलेल्या माणसाची रेंज गेली, की त्याची की-बोर्डवरची बोटं थांबायची. २०१२ च्या आवृत्तीत लोकल वर्कस्पेस आली आणि फायली मोकळ्या झाल्या. पण तिच्यासाठी सर्व्हर २०१२ चा हवा आणि टूलही २०१२ चं. म्हणजे सोयीची सर्वांत जास्त गरज ज्याला, तोच जुन्या टूलमुळे तिच्यापासून लांब.

प्रोजेक्टचे सगळे भाग एकत्र बांधणाऱ्या सोल्यूशन फाइलचंही असंच. तिच्यात आवृत्तीचा आकडा असतो : स्टुडिओ २००५ ला ९, २००८ ला १०, २०१० ला ११. चौघांच्या गटात एकाने नव्या स्टुडिओत प्रोजेक्ट उघडून चेक-इन केला, म्हणजे सर्व्हरवर परत ठेवला, की उरलेल्या तिघांकडे तो उघडत नसे. यात सर्व्हरचा काडीचा संबंध नाही, पण बोल त्यालाच बसे. २०१२ पासून २०१० च्या सर्व्हिस पॅक १ वाल्यांशी देवाणघेवाण होऊ लागली आणि आकडाही पुढे १२ वर स्थिरावला. आणि या सगळ्यापासून विद्यार्थी बरीच वर्षं दूर होता, कारण त्याच्या वाट्याला आलेल्या फुकटच्या एक्स्प्रेस आवृत्तीत सोर्स कंट्रोलचं प्लग-इन बसतच नसे. त्याचा सर्व्हर म्हणजे पेनड्राइव्ह. पूर्ण ताकदीची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळाली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये.

जावावाल्यांकडे तेव्हा सबव्हर्जन नावाचं सोर्स कंट्रोल होतं. त्याची १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ ची, आणि तिच्या कर्त्यांनी एक नियम कसोशीने पाळला : १.x मालिकेतला कुठलाही क्लायंट त्याच मालिकेतल्या कुठल्याही सर्व्हरशी बोललाच पाहिजे. या बाबतीत सबव्हर्जनवाल्यांना पैकीच्या पैकी मार्क द्यायला हरकत नाही. त्यांच्याकडे घोळ झाला तो आपल्याच डिस्कवर. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लपलेल्या नोंदींची मांडणी आवृत्तीगणिक बदलायची आणि १.६ पर्यंत नवं टूल ती न विचारता बदलून टाकायचं. एकाच मशीनवर सबव्हर्जनचं टूल टॉर्टॉइज नवं आणि जावाचा कोड लिहायच्या एक्लिप्सचं प्लग-इन जुनं असलं, की टॉर्टॉइजने हात लावलेलं फोल्डर एक्लिप्स उघडायला नकार द्यायचं. परत जुन्यावर आणायला एक पायथन स्क्रिप्ट तरी होती. ऑक्टोबर २०११ च्या १.७ ने सगळ्या नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसच्या एका फाइलमध्ये नेल्या, तेव्हा तीही वाट बंद झाली. मात्र या वेळी टूल आधी विचारू लागलं. 'अपग्रेड'वर क्लिक करून पस्तावलेल्या माणसाला सगळा प्रोजेक्ट सर्व्हरवरून नव्याने उतरवावा लागायचा.

लिनस टॉरवाल्ड्‍स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट हे सोर्स कंट्रोल सुरू केलं आणि आख्खी रेपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा सगळा इतिहास, प्रत्येकाच्या मशीनवर आणून ठेवली. रेंज नसतानाही कमिट होतो, म्हणजे बदलाची नोंद होते, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही टीएफएसमध्ये गिट घेत असल्याचं जाहीर केलं, आणि टीएफएसचं नाव पुढे अ‍ॅझ्युअर डेव्हऑप्स सर्व्हर झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाही स्वस्त झाला. २०२० च्या मार्चनंतर पुण्या-बंगळुरूहून परतलेल्या पोरांनी दारव्हा-मूर्तिजापूरकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर महिनोन् महिने काम केलं, ते निम्मं तरी गिटच्या या गुणामुळे.

गिटची बोलीभाषा सर्व्हर आणि टूल यांच्यात फारशी बिघडली नाही. तिची दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली, मार्च २०२० च्या गिट २.२६ पासून आपोआप वापरली जाऊ लागली; पण समोरच्याला ती येत नसेल तर दोघंही मुकाट्याने जुन्या भाषेवर येतात. अडचण आली ती भोवतालच्या सुरक्षेची. गिटच्या रेपॉझिटरी ठेवणाऱ्या गिटहब या साइटने फेब्रुवारी २०१८ मध्ये टीएलएस १.० आणि १.१ या जोडणी सुरक्षित ठेवायच्या जुन्या पद्धती बंद केल्या आणि विंडोज ७ वरच्या, पासवर्ड सांभाळणाऱ्या जुन्या क्रेडेन्शियल मॅनेजरची जोडणी तुटली. १३ ऑगस्ट २०२१ पासून साधा पासवर्ड बंद होऊन टोकन, म्हणजे साइटने बनवून दिलेली लांबलचक किल्ली, लागू लागलं. जुन्या टूलच्या खिडकीत पासवर्डचाच रकाना असतो. टोकन त्याच रकान्यात टाकायचं, हे पोरांना कोणीतरी सांगावं लागतं.

एप्रिल २०२२ च्या गिट २.३५.२ ने तर पेनड्राइव्हवाल्यांचीच दांडी उडवली. दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमधल्या रेपॉझिटरीला हात लावायला गिट तेव्हापासून नकार देतं. लॅबमध्ये एका मशीनवर चार जणांची लॉगिन, आणि पेनड्राइव्हच्या एफएटी फॉरमॅटमध्ये मालकीची नोंदच नसते. त्यामुळे मालकी संशयास्पद आहे, असा इशारा येतो आणि पोरगं घाबरतं, आपण काही चोरलं की काय! ते फोल्डर गिटच्या सेफ डिरेक्टरीच्या यादीत घातलं की काम पुढे सरकतं, पण लॅबमध्ये ते दर लॉगिनला वेगळं करावं लागतं. शेजारच्या मशीनवर २.३५.२ च्या आधीचं गिट असेल, तर तिथे तोच पेनड्राइव्ह गुपचूप चालतो.

पुढचा बदल ठरलेला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एसएचए-१, म्हणजे गिट प्रत्येक फाइलला ओळख देण्यासाठी वापरतं ते गणित, मोडून दाखवलं : दोन वेगळ्या फायलींची ओळख एकच निघाली. त्या प्रयोगातल्या दोन पीडीएफ फायली वेबकिटच्या सबव्हर्जन रेपॉझिटरीत टाकल्या गेल्या, तर ती रेपॉझिटरीच बिघडली. गिटने ऑक्टोबर २०२० च्या २.२९ मध्ये त्याऐवजीचं एसएचए-२५६ प्रायोगिक म्हणून दिलं, आणि ३.० मध्ये नवी रेपॉझिटरी आपोआप त्यावरच सुरू व्हावी असं नियोजन आहे. अशी रेपॉझिटरी २.२९ च्या आधीच्या गिटला उघडता येत नाही. विंडोज एक्सपीवर चालणारं शेवटचं गिट २०१६ चं आहे. लॅबमध्ये अजून एक्सपी जपून ठेवणाऱ्यांनी त्या मशीन आतापासूनच टायपिंगला लावलेल्या बऱ्या.