प्रगती शिष्यवृत्ती: डिप्लोमाच्या मुलींनी अर्ज कसा भरावा आणि कुठे जपावं

दहावीनंतर तंत्रनिकेतनात प्रवेश घेतलेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये देणारी केंद्राची एक योजना आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, २०१४-१५ पासून ती राबवते आणि तिचं नाव प्रगती. रक्कम एकरकमी, थेट मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा होते आणि परत करायची नसते. कॉलेजची फी, पुस्तकं, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, ड्रॉइंगचं सामान, शिक्षणासाठी लागेल त्यावर ती खर्च करता येते. पहिल्या वर्षी निवड झाली आणि दरवर्षी नूतनीकरण केलं तर डिप्लोमाची तिन्ही वर्षं मिळून दीड लाख रुपये होतात. घरात पैशांची ओढाताण सुरू झाली की मुलीचं शिक्षण आधी थांबतं, हे आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलंय. अशा घरात हे दीड लाख फार मोठं काम करतात.

यादीत नाव लागेल की नाही ते गुणांवर ठरतं. अर्ज यादीपर्यंत पोहोचवणं मात्र आपल्या हातात असतं, आणि हुशार मुली तिथेच अडकतात. एखादा दाखला चुकीच्या सहीचा निघतो, खातं चालत नाही, किंवा कॉलेजमध्ये पडताळणी होण्याआधीच मुदत संपते. म्हणून नियम पटकन सांगून कागदांवर जास्त वेळ देते.

कोणाला मिळते

मुलीने चालू शैक्षणिक वर्षात एआयसीटीई मान्यताप्राप्त संस्थेत डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला असावा. थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलीला दोन वर्षं लाभ मिळतो. पहिल्या वर्षी अर्ज राहून गेला आणि आता ती दुसऱ्या वर्षात शिकतेय, तर नव्याने सुरुवात करता येत नाही. त्यामुळे हे प्रवेशाच्या वर्षीच करायचं काम आहे, पुढच्या वर्षी बघू म्हणून चालत नाही.

कुटुंबाचं मागच्या आर्थिक वर्षातलं उत्पन्न ८ लाखांपेक्षा जास्त नको. आई आणि वडील दोघेही कमावत असतील तर दोघांचं मिळून धरायचं. एका कुटुंबातल्या जास्तीत जास्त दोन मुलींना लाभ घेता येतो.

देशभरात डिप्लोमासाठी ५,००० आणि पदवीसाठी ५,००० नव्या शिष्यवृत्त्या ठेवलेल्या आहेत आणि त्या राज्यवार वाटून दिल्या जातात. त्यातही अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ७.५ टक्के आणि इतर मागासवर्गासाठी २७ टक्के आरक्षण आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. गुण थोडे कमी आहेत म्हणून अर्जच न भरणाऱ्या मुली दरवर्षी भेटतात. असं करू नका. अर्जाला पैसे लागत नाहीत आणि यादी कुठे थांबेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

गोव्यातल्या तंत्रनिकेतनांमध्ये शिकणाऱ्या मुलींनाही हीच योजना आणि हेच पोर्टल.

कागदपत्रं

दहावीची गुणपत्रिका, प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर, फी भरल्याची पावती, कॉलेजचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि पालकांचं घोषणापत्र. बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला आणि घोषणापत्र यांचे नमुने एआयसीटीईने ठरवून दिले आहेत. ते आधीच छापून घ्या. कॉलेजच्या नेहमीच्या बोनाफाईडवर अभ्यासक्रमाचा तपशील अपुरा असतो, त्यामुळे प्राचार्यांची सही आणि शिक्का ठरलेल्या नमुन्यावरच घ्यावा.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबत थोडं थांबून सांगते. महाराष्ट्रात तो सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून निघतो. शेतकरी घरात तलाठ्याचा उत्पन्न अहवाल आणि सातबारा लागतो, नोकरदाराला फॉर्म १६. दाखला हातात आला की दोन गोष्टी बघा. पहिली, त्यावर मागचं आर्थिक वर्ष आहे का. सेतूत एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन्ही दाखले मिळतात. कोणताही घेतलात तरी मागचं वर्ष त्यात असायला हवं. दुसरी गोष्ट सही. योजनेला तहसीलदार किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याची सही हवी असते, आणि सेतूच्या दाखल्यावर अनेकदा नायब तहसीलदारांची डिजिटल सही असते. ती दिसली तर अर्ज भरण्याआधीच तहसील कार्यालयात नमुना दाखवून तहसीलदारांच्या सहीचा दाखला मागा. कॅप राउंडसाठी, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीसाठी, काढलेला दाखलाच इथे जोडून टाकू असं बहुतेक घरांत ठरतं, म्हणून हे आधीच बघितलेलं बरं.

नाव आणि खातं

महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा मुलीचं नाव आधी असतं, कधी वडिलांचं नाव नुसतं आद्याक्षरापुरतं, कधी आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगच वेगळं. क्रमातल्या फरकाने फारसं अडत नाही, स्पेलिंग आणि जन्मतारखेच्या फरकाने अडतं. फरक असेल तर आधार केंद्रावर जाऊन गुणपत्रिकेप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीला दिवस लागतात, तेव्हा निकाल लागल्याबरोबर हे काम हातात घ्यावं.

आता खातं. डिप्लोमाला येणारी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते. तिचं खातं शाळेच्या वेळचं, अल्पवयीन मुलांसाठीचं किंवा शून्य शिल्लक असलेलं असतं, आणि त्यात किती रक्कम जमा होऊ शकते यावर बँकेने मर्यादा घातलेली असते. ५०,००० एकदम आले की व्यवहार परत जातो. अशी मर्यादेची खाती योजनेत चालत नाहीत, खातं नेहमीचं बचत खातं लागतं. शाखेत जाऊन स्पष्ट विचारा, या खात्यात एका वेळी पन्नास हजार जमा होतील का? नाही म्हणाले तर तिथेच खात्याचा प्रकार बदलून घ्या. खातं मुलीच्याच नावावर हवं; आईचं किंवा वडिलांचं चालणार नाही.

त्याच फेरीत आधार सीडिंगही विचारा. खात्याच्या केवायसीला आधार जोडणं वेगळं, आणि सरकारी पैसे कोणत्या खात्यात जावेत यासाठी एनपीसीआयकडे, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडे, आधारची नोंद होणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की कोणत्या बँकेची नोंद आहे ते कळतं. तिथे जुन्याच बँकेचं नाव दिसलं तर पैसे त्याच जुन्या खात्याकडे जातील, अर्जात तुम्ही काहीही भरलेलं असो.

अर्ज

अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर नाही. आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. त्यासाठी मोबाइलवर आधार फेस आरडी हे अ‍ॅप घेऊन चेहऱ्याची ओळख पटवावी लागते. मग १४ अंकी ओटीआर क्रमांक मिळतो आणि तोच पुढच्या सगळ्या वर्षांना वापरायचा. तो वहीत लिहून ठेवा. नोंदणीला घरातलाच मोबाइल नंबर द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिलात तर पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जाणार.

लॉगिन केल्यावर नवीन अर्ज निवडून माहिती भरत गेलं की पात्र योजना दिसतात. त्यातली डिप्लोमाची प्रगती निवडा. पदवीची वेगळी आहे आणि नावं सारखी असल्याने गफलत होते. संस्थेच्या यादीत कॉलेजचं नाव किंवा तुमची शाखा दिसत नसेल तर जवळचं काहीतरी निवडून पुढे जाऊ नका. कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्यांना, म्हणजे पोर्टलचं काम बघणाऱ्यांना, सांगून ती माहिती पोर्टलवर भरून घ्या, ते काम संस्थेचंच आहे. दहावीचे गुण गुणपत्रिकेवर आहेत तसेच, स्वतः हिशोब न करता भरा. फायनल सबमिट झाल्यावर बदल करता येत नाही, त्यामुळे त्याआधी अर्ज छापून घरच्या कोणाकडून तरी एकदा वाचून घ्यावा.

सबमिट केल्यावर

यानंतरचा भाग बहुतेक जण सोडून देतात. अर्ज आधी संस्थेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो, मग दुसऱ्या स्तरावर पडताळला जातो. दोन्ही ठिकाणच्या मुदती वेगळ्या असतात आणि दरवर्षी पोर्टलवर जाहीर होतात. संस्थेने तिच्या मुदतीत पडताळणी केली नाही तर तुमचा अर्ज कितीही नीट भरलेला असो, तो पुढे सरकत नाही. छापील अर्ज आणि मूळ कागद घेऊन शिष्यवृत्ती विभागात स्वतः जा, पोच घ्या, आणि आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा. त्या टेबलावर बहुधा एकच कर्मचारी असतो आणि त्याच्याकडे महाडीबीटीचे शेकडो अर्जही असतात. नम्रपणे आठवण करत राहणं यात काही गैर नाही, तो तुमचा हक्क आहे.

स्थितीत 'डिफेक्टिव्ह' दिसलं तर घाबरू नका. अर्ज दुरुस्तीसाठी परत आलाय एवढाच त्याचा अर्थ. शेरा वाचा, तेवढी चूक दुरुस्त करा आणि मुदतीच्या आत पुन्हा सबमिट करा. 'रिजेक्ट' झाला तर मात्र त्या वर्षापुरता विषय संपतो.

महाडीबीटीचं काय

दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असताना प्रगती घेता येत नाही. दोन्हीकडून पैसे आले तर एका ठिकाणचे परत करायची वेळ येते. मग कोणती घ्यायची? शासकीय तंत्रनिकेतनात वर्षाची फी काही हजारांत असते, तिथे राज्याच्या शुल्क सवलतीपेक्षा प्रगतीचे ५०,००० सरळ जास्त. खासगी तंत्रनिकेतनात फी मोठी असेल आणि मुलगी अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या संपूर्ण शुल्काच्या योजनेत बसत असेल, तर राज्याची योजनाच बरी पडू शकते. कागदावर दोन्ही रकमा मांडून बघा. प्रगतीची निवड यादी उशिरा लागते, तोवर राज्याच्या योजनेवर पाणी सोडू नका. महाडीबीटीवर लाभ सोडून देण्याचा पर्याय असतो, तो निवड नक्की झाल्यावर आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाशी बोलूनच वापरा.

एआयसीटीईच्याच आणखी दोन योजना याच पोर्टलवर, याच उत्पन्न मर्यादेत आणि एवढ्याच रकमेच्या आहेत. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलामुलींसाठी सक्षम; तिला संख्येची मर्यादा नाही, पात्र असाल तर मिळते. आणि अनाथ, कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेल्या, तसंच शहीद जवानांच्या मुलामुलींसाठी स्वनाथ. कोविडनंतर एकट्या पालकाच्या जिवावर उभी असलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांच्यापर्यंत हे नाव पोहोचवा.

नूतनीकरण

ते आपोआप होत नाही. दुसऱ्या वर्षी त्याच ओटीआरने लॉगिन करून रिन्यूअल अर्ज भरायचा, सोबत मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि पुढच्या वर्गात गेल्याचं संस्थेचं प्रमाणपत्र, तेही ठरलेल्या नमुन्यात. वायडी लागली, म्हणजे पुढच्या वर्गात जाता आलं नाही, तर शिष्यवृत्ती बंद होते. एमएसबीटीईचा, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा, उन्हाळी निकाल लागला की गुणपत्रिका लगेच डाउनलोड करून ठेवा आणि कॉलेज सुरू होताच प्रमाणपत्राचा छापील नमुना घेऊन कार्यालयात जा.