जिली कूपर : प्रेमकथांच्या पात्रयादीत घोडे-कुत्री कुठून आली?

इंग्लिश कादंबरीकार जिली कूपर यांची 'जंप!' किंवा 'माउंट!'सारखी जाडजूड कादंबरी उघडली की गोष्ट सुरू होण्याआधी काही पानं नुसती पात्रांची यादी असते. माणसं संपली की जनावरांची वेगळी यादी येते. घोडे, कुत्री, शेळी, प्रत्येकाचं नाव आणि एका ओळीत स्वभाव. बरेच वाचक ही पानं उलटून पुढे जातात. पण ही लेखिका घडली कशी, हे समजून घ्यायचं तर तिथेच थांबायला हवं. प्राणी हा त्यांचा फावल्या वेळचा छंद नव्हता. माणूस कसा आहे हे त्या बऱ्याचदा तो जनावराशी कसा वागतो यावरून दाखवायच्या.

जन्म २१ फेब्रुवारी १९३७चा, इसेक्समधल्या हॉर्नचर्चचा. वडील लष्करात ब्रिगेडियर, बालपण यॉर्कशरमध्ये. विशीत त्या लंडनजवळच्या ब्रेंटफर्डला 'मिडलसेक्स इंडिपेंडंट' या स्थानिक पत्रात शिकाऊ वार्ताहर झाल्या. पुढे बऱ्याच नोकऱ्या धरल्या आणि सुटल्या. १९६१मध्ये लिओ कूपर यांच्याशी लग्न झालं. ते पुढे लष्करी इतिहासाच्या पुस्तकांचे प्रकाशक म्हणून नावाजले. एका मेजवानीत 'संडे टाइम्स'च्या रंगीत पुरवणीच्या संपादकांशी गाठ पडली आणि १९६९मध्ये त्यांचं सदर सुरू झालं. नव्या संसारातली धांदल हा त्याचा विषय. ते १९८२पर्यंत चाललं. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या शब्दांत मजकूर हातावेगळा करायची सवय इथलीच.

प्रेमकथा आल्या त्या मासिकांच्या वाटेने. तरुण मुलींच्या मासिकांसाठी लिहिलेल्या कथा वाढवून त्यांनी छोट्या कादंबऱ्या केल्या. 'एमिली' १९७५मध्ये आली, पाठोपाठ 'बेला', 'हॅरिएट', 'ऑक्टेव्हिया', 'प्रुडन्स', 'इमोजेन'. शीर्षक म्हणजे नायिकेचं नाव, नायिका एकच आणि अखेर सुखाची. मासिकातल्या कथेला एक अडचण आणि तिची एक उकल पुरते. कादंबरीला दुसरं घर, दुसरी जोडपी आणि मधल्या काळात घडणारं काहीतरी लागतं. हा विस्तार करता करता त्यांचा हात मोठ्या कादंबरीसाठी तयार झाला.

ती मोठी कादंबरी खरं तर आधीच लिहून झाली होती. १९७०च्या सुमारास 'रायडर्स'चं हस्तलिखित घेऊन त्या लंडनमध्ये जेवायला गेल्या आणि ते बसमध्ये राहिलं. 'इव्हनिंग स्टँडर्ड'ने वाचकांना आवाहन केलं, तरी ते सापडलं नाही. टाइपरायटरच्या त्या काळात कागदाखाली कार्बन लावला नसेल, तर जगात एकच प्रत असायची. या धक्क्यानंतर पुन्हा त्या कादंबरीकडे वळायला त्यांना दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

ही मधली वर्षं प्राण्यांवरच्या लेखनाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. १९८१मध्ये संकरित कुत्र्यांवरचं 'इंटेलिजंट अँड लॉयल' आलं. वंशावळीच्या कुत्र्यांवर कपाटं भरतील एवढी पुस्तकं असताना ज्यांना जातच नाही अशांवर अख्खं पुस्तक लिहिणं ही भूमिका होती. १९८३मध्ये 'ॲनिमल्स इन वॉर' आलं, लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. खेचरं, कबुतरं, उंट, हत्ती, कुत्री यांनी युद्धात काय सोसलं याचा तो हिशेब आहे. या विषयातली एक गोष्ट भारताच्या अगदी शेजारची. १९४४मध्ये ब्रह्मदेशात जपानी फळीमागे लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चिंडिट तुकड्यांच्या खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया केली गेली, कारण जंगलात एक खेचर ओरडलं तरी तुकडीचा ठावठिकाणा कळायचा. वायरलेस संच आणि त्याच्या बॅटऱ्या चार्ज करायचं इंजिन याच खेचरांच्या पाठीवर असे. खेचर दरीत गेलं की तुकडीचा संपर्क तुटलाच म्हणायचा.

'ॲनिमल्स इन वॉर' याच नावाचं स्मारक पुढे लंडनला हाइड पार्कच्या कडेला उभं राहिलं. त्यासाठी निधी उभा करण्यात कूपर पुढे होत्या. नोव्हेंबर २००४मध्ये त्याचं अनावरण झालं. शिल्पकार डेव्हिड बॅकहाउस. पोर्टलंड दगडाच्या वळणदार भिंतीतल्या फटीकडे ओझ्याने वाकलेली दोन ब्राँझची खेचरं चालली आहेत, आणि भिंतीपलीकडे एक घोडा आणि एक कुत्रा.

१९८२मध्ये कुटुंब ग्लॉस्टरशरमधल्या बिझली गावी राहायला गेलं आणि 'रायडर्स' नव्याने लिहून १९८५मध्ये प्रसिद्ध झाली. विषय शो जंपिंगचा, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धांचा. त्या वेळच्या नियमांनुसार दांडा पडला की ४ फॉल्ट म्हणजे दंडाचे गुण, घोडा पहिल्यांदा अडला की ३, दुसऱ्यांदा अडला की ६ आणि तिसऱ्यांदा अडला की बाद. जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत चार स्वार एकमेकांचे घोडे बदलून फिरवत, आणि अनोळखी घोड्याशी जुळवून घ्यायला जेमतेम काही मिनिटं मिळत. हा नियम खरा होता, २०१४पर्यंत चालला. कूपर यांनी त्यावर कादंबरीचा एक कळसच उभा केला. देखणा, श्रीमंत रूपर्ट कॅम्पबेल-ब्लॅक घोड्यांना चाबकाने वाकवतो. त्याने छळून विकून टाकलेला मॅकॉले हा घोडा पुढे प्रतिस्पर्धी जेक लव्हेलच्या हाती येतो. अंतिम फेरीत त्याच मॅकॉलेवर बसायची पाळी रूपर्टवर येते आणि घोडा जुना माणूस ओळखतो. हाच रूपर्ट आपल्या काळ्या लॅब्राडॉरवर मात्र जीव टाकतो. पुढच्या कादंबऱ्यांत तो वाचकांचा लाडका होतो, त्याची तरतूद लेखिकेने इथेच करून ठेवली होती. कथारचनेचं हे कसब फार वरचं आहे.

नंतर 'रायव्हल्स' (१९८८, जिच्यावरची मालिका २०२४मध्ये आली), 'पोलो' (१९९१) आणि इतर आल्या. २०१०च्या 'जंप!'मध्ये बर्फात जखमी सापडलेली घोडी गावकरी वर्गणी काढून शर्यतीत उतरवतात. तिच्या सोबतीला चिझम नावाची शेळी आहे. घोडा कळपातलं जनावर, एकटा ठेवला की तबेल्यात येरझाऱ्या घालतो, खाणं टाकतो. त्यामुळे शर्यतीच्या तबेल्यांत शेळी ठेवायची चाल जुनीच आहे. २०२४मध्ये त्यांना 'डेम' हा किताब मिळाला आणि ५ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

उतारवयात त्यांच्या घरी ग्रेहाउंड असत, शर्यतीतून बाद झालेले. असे कुत्रे साधारण तीन ते पाच वर्षांचे असताना निवृत्त होतात, आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचं. घरी आणणाऱ्यांची फसगत ठरलेल्या जागी होते. त्यांची मान डोक्याइतकीच, कधी त्याहून जाड असते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढला की डोक्यावरून निसटतो. ताण पडल्यावर आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टा लागतो. आपल्याकडच्या कारवानी जातीच्या कुत्र्याचीही ठेवण तशीच, तिथेही हेच ध्यानात ठेवावं. कातडी पातळ, चरबी नाममात्र, म्हणून काटेरी तारेने चटकन फाटते आणि थंडीत अंगावर झूल लागते. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध त्यांच्या शरीरातून फार सावकाश उतरतं, ते डॉक्टरांना आधी सांगावं. अनेकांनी जिना किंवा काचेचं दार पाहिलेलंच नसतं. आणि आयुष्यभर पळत्या वस्तूमागे धावायला शिकवलेलं असल्याने मांजराच्या घरात पहिले काही आठवडे तोंडाला जाळी बांधून, पट्टा हातात धरूनच ओळख करून द्यावी लागते.