यानातलं सॉफ्टवेअर की जमिनीवरचं? अर्ज भरण्याआधी एवढं बघून घ्या

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या पोरापोरींकडून चांद्रयान-३ नंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मला स्पेसमध्ये जायचंय, सॉफ्टवेअरमधून." कुठलं सॉफ्टवेअर, यानातलं की जमिनीवरचं, असं विचारलं की बहुतेक जण थबकतात. दोन्ही एकाच मोहिमेचे भाग, दोन्हीकडे टेलिमेट्री (यानाकडून येणारी मोजमापं) आणि कमांड हेच शब्द, आणि बातम्यांत तर सगळ्यालाच सरसकट "इस्रोचं सॉफ्टवेअर" म्हणतात. पण शिकायचं काय, चाचणी कशी करायची आणि बिऱ्हाड कुठल्या गावात हलवायचं, हे या एका उत्तरावर ठरतं.

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवा. टीव्हीवर बंगळुरूची कंट्रोल रूम दिसत होती, संगणकांच्या रांगा आणि पडद्यावर खाली सरकणारी रेघ. बघणाऱ्याला वाटावं, हीच माणसं विक्रम लँडरला खाली आणताहेत. प्रत्यक्षात उतरण्याचा क्रम सुरू झाल्यावर जमिनीवरून कोणीही काही चालवत नव्हतं. उंची किती, वेग किती, इंजिनांचा जोर किती ठेवायचा, खाली जागा सपाट आहे का, हा सगळा हिशेब विक्रमच्या पोटातला संगणक स्वतः करत होता. चंद्रापर्यंत सिग्नल जायला सव्वा सेकंद आणि परत यायला सव्वा सेकंद. अडीच सेकंद शिळा सल्ला उतरताना काय कामाचा? पडद्यावर रेघ काढणारं सॉफ्टवेअर जमिनीवरचं, म्हणजे ग्राउंड. विक्रमला सावरणारं ते ऑनबोर्ड, ज्याला या धंद्यातले लोक फ्लाइट सॉफ्टवेअरही म्हणतात.

ग्राउंडवाल्यांचं जग आयटीतल्या माणसाला ओळखीचं वाटेल. सर्व्हर, डेटाबेस, पायथन, जावा, वेबवरचे आलेख. फरक इतकाच की ग्राहकाच्या जागी उपग्रह असतो आणि तो खालच्या कक्षेत असेल तर एका स्टेशनवरून एका वेळी जेमतेम दहा मिनिटं दिसतो. त्याला पास म्हणतात. तेवढ्यात कमांड पाठवायच्या, डेटा उतरवून घ्यायचा, पुढच्या पासचं वेळापत्रक लावायचं. सर्व्हर बंद पडला तर माणूस उठून जाऊन तो चालू करतो.

वर गेलेल्या यानाजवळ कोणी उठून जात नाही. तिथला प्रोसेसर किरणोत्साराला टिकणारा हवा, आणि असा प्रोसेसर बाजारातल्या चिपच्या कित्येक वर्षं मागे असतो. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या मुख्य संगणकाचा वेग जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ आणि रॅम २५६ एमबी. खिशातला फोन त्याला केव्हाच मागे टाकेल. आपल्या रॉकेटांत २००९ पासून विक्रम-१६०१ हा १६ बिटी प्रोसेसर आहे. त्याची ३२ बिटी पुढची पिढी, विक्रम-३२०१, मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत तयार झाली. इथे भाषा सी किंवा एडा, आणि शिस्त कडक. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतले गेरार्ड होल्झमन यांनी सुरक्षिततेच्या दृष्टीने नाजूक कोडसाठी दहा नियम मांडले, त्यांतले काही वाचूनच वेब डेव्हलपरला घाम फुटतो: रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) नाही, सुरुवातीची जुळवाजुळव झाल्यावर नवी मेमरी मागायची नाही, प्रत्येक लूप किती फेऱ्यांत संपणार याची पक्की मर्यादा हवी.

मंगळाच्या दोन मोहिमांत हा फरक सगळ्यांत स्वच्छ दिसतो. दोन्ही नासाच्या, दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, आणि गप्पांमध्ये दोन्हींची नेहमी गल्लत होते.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला हरवला. "यानाचा संगणक एककांत गोंधळला" असं आजही ऐकू येतं. यानाचा संगणक गोंधळला नव्हता. यान वळवणाऱ्या छोट्या थ्रस्टरांचा धक्का मोजून देणारा जमिनीवरचा प्रोग्राम पाउंड-सेकंदात आकडे देत होता आणि मार्ग काढणारी मंडळी ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. म्हणजे ४.४५ पटीचा फरक, नऊ महिने थेंबथेंब साचत गेलेला. मंगळापासून साधारण २२६ किलोमीटरवरून जायचं होतं. नंतरच्या हिशेबानुसार यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं. चूक ग्राउंडची, भोगलं यानाने.

मार्स पाथफाइंडर याच्या उलट. ४ जुलै १९९७ ला तो झकास उतरला आणि काही दिवसांनी मधूनमधून स्वतःच रिसेट व्हायला लागला. दोष यानातच होता. हवामानाचं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप (एका वेळी एकाच कामाला आत सोडणारं) धरून बसायचं, तेच कुलूप खूप महत्त्वाच्या कामाला हवं असायचं, आणि मधल्या दर्जाची कामं कमी महत्त्वाच्या कामाला पुढे सरकू द्यायची नाहीत. महत्त्वाचं काम वेळेत संपलं नाही की पहारेकरी, म्हणजे वॉचडॉग, सगळंच रिसेट करायचा. जेपीएलच्या मंडळींनी तशाच संगणकावर हा प्रकार जमिनीवर घडवून पाहिला आणि कुलपाची एक सेटिंग बदलणारा छोटा पॅच मंगळावर पाठवला. मला यातली बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही असा रिसेट दिसला होता. तेव्हा तो पुन्हा घडवता आला नाही, म्हणून मागे पडला.

दोन्ही बाजू जिथे भेटतात ती जागा जवळून बघण्यासारखी आहे. उपग्रहाचा डेटा बहुतेक वेळा सीसीएसडीएस या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेल्या पॅकेटमधून येतो. सुरुवातीला सहा बाइटचा मथळा. त्यात ११ बिट कुठल्या यंत्रणेचं पॅकेट ते सांगतात, १४ बिट अनुक्रमांक, आणि शेवटचे १६ बिट लांबी. अनुक्रमांक १६३८३ पर्यंत जातो आणि परत शून्यावर येतो. लांबीच्या जागी डेटाचे जितके बाइट असतील त्यापेक्षा एक कमी आकडा लिहायचा, असा नियम. आता यानातलं कोड लिहिणारा तो एक वजा करायला विसरला, तर वर काहीच बिघडलेलं दिसत नाही. खाली मात्र वाचणारा प्रोग्राम पुढच्या पॅकेटचा एक बाइट गिळतो आणि बॅटरीचं तापमान म्हणून भलताच आकडा दाखवतो. आणि अनुक्रमांक शून्यावर आला की "सोळा हजार पॅकेट हरवली" अशी घंटा वाजत असेल, तर तो घोळ जमिनीवरच्याचा. या सहा बाइटवर जो दोन्ही बाजूंनी हात चालवून बघेल, त्याला कुठल्याही पुस्तकाआधी या दोन कामांचा स्वभाव कळेल.

आता चाचणी. आपल्याकडे आयटीत "टेस्टिंगला टाकलं" हे पडक्या चेहऱ्याने सांगतात. यानाच्या बाबतीत हा गैरसमज आधी काढून टाका. नासाने १९९३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटला खास स्वतंत्र तपासणीसाठी एक केंद्रच उभं केलं. चॅलेंजर या अंतराळयानाच्या अपघातानंतर झालेल्या शिफारशींतून ते आलं. कोड लिहिणारा एक आणि त्यावर संशय घेणारा दुसरा, हे इथे मुद्दाम ठेवलेलं असतं.

ग्राउंडची चाचणी ओळखीची: रिग्रेशन, लोड, आज चुकलं तर उद्या नवी आवृत्ती. ऑनबोर्डची चाचणी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. आधी कोड साध्या पीसीवर, मग खऱ्या प्रोसेसरवर, मग खऱ्या बोर्डाला खोटं अवकाश जोडून. एक सिम्युलेटर बोर्डाला सांगतो की सूर्य इकडे आहे, यान इतक्या वेगाने गरगरतंय. बोर्ड यान वळवणारी चाकं फिरवायचा हुकूम देतो. सिम्युलेटर त्याचा परिणाम मोजून पुन्हा बोर्डाला कळवतो. याला हार्डवेअर-इन-लूप म्हणतात आणि टेस्टरचा निम्मा जन्म इथे जातो. त्याचं काम दुष्टपणा करायचं. ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यात सूर्य घुसवायचा, कमांड अर्धीच पाठवायची, मेमरीतला एखादा बिट उलटा करायचा, कारण वर कॉस्मिक किरण तेच करतात.

त्यातली एकच चाचणी घेऊ. बोर्ड फ्लॅश मेमरीत नवी सेटिंग लिहितोय आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. टेस्टर स्क्रिप्ट लावून लेखन सुरू झाल्यापासून १ मिलिसेकंदाने वीज तोडतो, मग २, मग ३, असं लेखन संपेपर्यंत. प्रत्येक वेळी बोर्ड उठला का, जुनी सेटिंग शाबूत आहे का, की अर्धी जुनी अर्धी नवी खिचडी झाली? म्हणूनच शहाणा डेव्हलपर दोन प्रती ठेवतो, प्रत्येकीला चेकसम (डेटा शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) लावतो, आणि दुसरी पूर्ण तपासून झाल्याशिवाय पहिलीला हात लावत नाही. कंटाळवाणं वाटतंय? मग ग्राउंडकडे जा, मी अगदी मनापासून सांगतोय. तिथे कामं जास्त आहेत आणि तुमचं आजचं शिक्षण थेट उपयोगी पडतं.

ऑनबोर्डसाठी मात्र माझं मत थोडं उलटं आहे. रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत वीज मीटरचं नाहीतर रिलेचं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर) लिहिण्यात घालवलेली दोन वर्षं मोठ्या आयटी पार्कातल्या पाच वर्षांपेक्षा मोलाची. पगार कमी, कँटीन यथातथा. पण इंटरप्ट, टायमर, वॉचडॉग, ऑसिलोस्कोपवर सिग्नल बघणं, हे सगळं तिथे हाताखालून जातं. घरी सुरुवात करायची तर लॅमिंग्टन रोडवरून एसटीएम-३२ या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणा, त्यावर फ्रीआरटीओएस ही वेळेची पक्की छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चढवा, तापमानाचं वर सांगितलेलं पॅकेट पाठवा आणि लॅपटॉपवर पायथनमध्ये ते उलगडा. मग दोन्हीकडे मुद्दाम चुका पेरा. जेपीएलचं एफ प्राइम आणि नासाची सीएफएस ही ऑनबोर्डची चौकट, तसंच ग्राउंडसाठी ओपन एमसीटी, सगळं फुकट उघडं आहे. मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये एफ प्राइमच होतं. अजून कॉलेजात असाल तर उपग्रहाच्या गटात घुसा. पुण्याच्या सीओईपी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा स्वयम् जून २०१६ मध्ये गेला, आयआयटी मुंबईचा प्रथम त्याच वर्षी सप्टेंबरात. असे प्रकल्प आपल्या आसपासच झालेत.

नोकऱ्या मात्र आसपास नाहीत. उपग्रहांचं ऑनबोर्ड काम बंगळुरूच्या यू. आर. राव केंद्रात, रॉकेटांचं तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात. ग्राउंडचं इस्ट्रॅक या इस्रोच्या ट्रॅकिंग केंद्रात, तेही बंगळुरूलाच, आणि भूस्थिर उपग्रहांसाठी हासन आणि भोपाळला. खासगीत पिक्सेल बंगळुरूची, स्कायरूट आणि ध्रुव स्पेस हैदराबादच्या, अग्निकुल चेन्नईची. इस्रोची निवड तुमच्या शाखेनुसार होते, कामानुसार नव्हे. निवड झाल्यावर कुठल्या केंद्रात टाकायचं ते इस्रो ठरवतं. म्हणजे अर्ज ऑनबोर्डच्या आशेने भरून तुम्ही ग्राउंडला लागू शकता. खासगीत हे आधी विचारता येतं, म्हणून विचाराच. अमेरिकेतल्या जाहिराती बघून फार हुरळू नका. तिथल्या निर्यात नियमांमुळे यानाची बरीचशी कामं परदेशी नागरिकाला मिळतच नाहीत.

आणि जाहिरात वाचताना वरच्या नावावर जाऊ नका. "फ्लाइट डायनॅमिक्स" नावाची जागा बहुतेक वेळा ग्राउंडची असते: खुर्चीत बसून कक्षा मोजायची, यान कधी आणि किती ढकलायचं ते सांगायचं. खाली कौशल्यांत काय मागितलंय ते बघा. सी, आरटीओएस, एसपीआय किंवा १५५३ बस (यानातले भाग एकमेकांना जोडणाऱ्या वाहिन्या), हार्डवेअर-इन-लूप असं असेल तर काम यानातलं. पायथन, डॉकर, कक्षागणित, मिशन प्लॅनिंग असेल तर जमिनीवरचं, आणि मग रात्रपाळीचंही विचारून घ्या, कारण पास पहाटे तीनला असला तर ड्यूटीही पहाटे तीनलाच लागते.