चेरी काउंटी: न उगवलेल्या गवताचे पैसे

अमेरिकेतली शेती सबसिडी म्हटलं की मका, सोयाबीन, गहू, कापूस हेच डोक्यात येतं, आणि ते बरोबरच आहे, मोठा पैसा तिकडेच जातो. पण नेब्रास्का राज्याच्या उत्तरेला चेरी काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) आहे, तिथे पीक असं फारसं नाहीच, वाळूच्या टेकड्या, त्यावर गवत आणि गवतावर गाई. आकाराने कनेक्टिकट राज्यापेक्षा मोठी, आणि 2020 च्या जनगणनेत माणसं फक्त 5,455. इथल्या रँचरला, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्याला, सरकारी पैसे मिळतात ते मुख्यतः दुष्काळात न उगवलेल्या गवताचे.

"आम्ही सरकारच्या जिवावर जगत नाही" ही तिथली जुनी ऐट. पण सुरुवातच सरकारपासून आहे ना. 1904 च्या किंकेड कायद्याने या भागात नेहमीच्या 160 ऐवजी 640 एकर जमीन फुकट दिली, तरी या वाळूत तेवढ्यावर पोट भरेना, बरेच जण विकून निघून गेले आणि जमिनी मोठ्या रँचवाल्यांकडे गोळा झाल्या.

1933 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने पिकांसाठी पहिला मोठा सबसिडी कायदा आणला तेव्हा गुरांचा त्यात समावेश नव्हता, कारण रँचवाल्यांनाच सरकारी कंट्रोल नको होता. पुढच्याच वर्षी दुष्काळाने सगळी ऐट उतरवली! एप्रिल 1934 मध्ये गुरंही त्या कायद्याच्या यादीत आली आणि सरकारने थेट जनावरं विकत घ्यायला सुरुवात केली, मोठ्याला 12 ते 20 डॉलर, वासराला 4 ते 8. देशभरात 80 लाखांवर गुरं अशी घेतली गेली, आणि जी खाण्यालायक नव्हती ती जागच्या जागी गोळ्या घालून मारली.

त्यानंतर कित्येक दशकं गुरांसाठी कायमचं असं काही नव्हतं, दुष्काळ पडला की आरडाओरडा, मग तात्पुरती मदत. 2008 च्या फार्म बिलात (शेतीच्या मोठ्या केंद्रीय कायद्यात) चाऱ्याची वेगळी योजना आली खरी, पण ती सप्टेंबर 2011 ला संपली आणि नेमका 2012 चा भयंकर दुष्काळ पडला तेव्हा हातात काहीच नाही. लोकांनी कळप विकले. 2014 च्या सुरुवातीला देशातली गुरांची संख्या 1951 नंतरच्या नीचांकावर होती. मग 2014 च्या फार्म बिलाने योजना कायमची केली आणि मागच्या तारखेपासून पैसे दिले, म्हणजे 2012 ला जळालेल्या गवताचे पैसे 2014 ला. ज्याने गाई टिकवायला कर्ज काढलं त्याला निदान हप्त्याला झाले, पण ज्याने पडेल भावात कळप विकला त्याचा कळप काही परत आला नाही.

आता खरी गंमत नियमात आहे. गवत कुणी शेतावर येऊन मोजत नाही, दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो (तो बनवणारं मुख्य केंद्र नेब्रास्कातच, लिंकनला) आणि त्यातला काउंटीचा रंग बघून हिशोब होतो. 2025 पर्यंत चराईच्या हंगामात 'तीव्र' दुष्काळ सलग 8 आठवडे राहिला तर एका महिन्याची मदत मिळायची, आणि तीही चाऱ्याच्या ठरवलेल्या खर्चाच्या 60 टक्के, वरची मर्यादा माणशी वर्षाला 1,25,000 डॉलर. काउंटीच्या कुठल्याही एका कोपऱ्यात तो रंग आला तरी अख्खी काउंटी पात्र! छोट्या काउंटीत याने फार फरक पडत नाही, पण चेरीसारख्या अवाढव्य ठिकाणी एका टोकाला पाऊस होऊनही चेक येऊ शकतो, आणि शेजारच्या काउंटीत कुंपणापलीकडे गवत तितकंच वाळलेलं असूनही काही नाही. 2025 च्या कायद्याने 8 आठवड्यांची अट 4 वर आणलीय, 'कुठलाही कोपरा' मात्र तसाच ठेवलाय.