गच्चीवरच्या शैवालातून एक लिटर डिझेल

सूक्ष्मशैवालातील तेलापासून डिझेल बनवता येते, हे प्रयोगशाळेत फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७८ ते १९९६ या काळात त्यासाठी स्वतंत्र संशोधन कार्यक्रम चालवला, सुमारे ३,००० प्रकारची शैवाले गोळा केली आणि न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे उघड्या तळ्यांत त्यांची लागवडही करून पाहिली. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरमागे ५० ग्रॅमपर्यंत वाढ मिळाली, पण तिथल्या थंडीमुळे सरासरी १० ग्रॅमच्या आसपासच राहिली. हाच प्रयोग घरी करू पाहणाऱ्याने आधी कागदावर हिशोब मांडावा, कारण खरी अडचण तेलाची नसून पाण्याची आहे.

वाळलेल्या शैवालात वजनाच्या २० टक्के तेल धरले, तर एक लिटर डिझेलसाठी साधारण साडेचार किलो कोरडे शैवाल लागते. उघड्या तळ्यातील एक लिटर पाण्यात ते जेमतेम अर्धा ग्रॅम असते. म्हणजे एका लिटर इंधनासाठी सुमारे ९,००० लिटर हिरवे पाणी गाळायचे! शिवाय दाट वाढीत प्रकाश फार खोल पोहोचत नसल्याने पाणी उथळ ठेवावे लागते. वीस चौरस मीटर गच्चीवर वीस सेंटिमीटर पाणी भरले, तर स्लॅबवर चार टन भार येतो, म्हणजे चौरस मीटरला २०० किलो. वापरातल्या सपाट छताची रचना मात्र सहसा १५० किलोच्या आसपास भार धरून करतात. इतके करून चौरस मीटरमागे रोज १० ग्रॅमची वाढ सलग टिकलीच, तर एका लिटरला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागेल.

वाढवणे हाच त्यातल्या त्यात सोपा टप्पा आहे. पारदर्शक बाटल्या, मत्स्यपेटीचा हवेचा पंप, पाण्यात विरघळणारे थोडे खत आणि क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शैवालाचे विरजण एवढे साहित्य असले, की एक-दोन आठवड्यांत पाणी गर्द हिरवे होते. खाण्यासाठी काही जण घरी वाढवतात ती स्पिरुलिना इथे कामाची नाही, कारण तिच्यात प्रथिने भरपूर आणि तेल अगदी थोडे असते. खतातले नत्र तोडले की अनेक शैवाले तेल साठवू लागतात खरी, पण त्याच वेळी त्यांची वाढ मंदावते, त्यामुळे एकूण तेल वाढेलच असे नाही.

क्लोरेलाची पेशी काही सहस्रांश मिलिमीटर एवढीच असल्याने ती फडक्यातून सहज निसटते. पेशींवर ऋण प्रभार असल्याने त्या एकमेकींना दूर लोटतात. तुरटी फिरवली की तो प्रभार उदासीन होऊन त्यांचे पुंजके तळाशी बसतात. गढूळ पाणी निवळण्यामागचे शास्त्र हेच. मात्र तो गाळ फडक्यात बांधून दाबून निथळवला, तरी त्यात निदान ८० टक्के पाणी उरते. साडेचार किलो कोरड्या शैवालासाठी त्यातले १८ किलो पाणी उडवायला किमान ४० मेगाज्यूल उष्णता लागते आणि एक लिटर बायोडिझेल जाळून मिळते सुमारे ३३. ही वाळवण शेगडीवर केली, तर पुढचे काही करण्यात अर्थच उरत नाही. ती उन्हातच करावी लागते.

पुढचा टप्पा घरात करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेल काढायला लागणारे हेक्झेन अत्यंत ज्वालाग्राही आहे, आणि तेलाचे डिझेल करण्यासाठी कॉस्टिक सोड्यासोबत वापरले जाणारे मिथेनॉल पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते, त्याची वाफही विषारी असते. कारखान्यात ओला गाळच प्रचंड दाबाखाली ३०० अंशांच्या वर तापवून त्याचे कच्चे तेल करता येते, पण ते काम प्रेशर कुकरचे नव्हे.

घरी इंधनच हवे असेल, तर तो ओला गाळ बायोगॅसच्या टाकीत घालावा. तिथल्या जिवाणूंना पाणी हवेच असते, त्यामुळे वाळवण वाचते आणि तेलाबरोबर प्रथिने व पिष्टही वापरले जातात. शैवालात नत्र जास्त असल्याने नुसते तेच घातल्यास अमोनिया साठून वायू कमी होतो. म्हणून शिळा भात, पोळ्या अशा पिष्टमय खरकट्यात ते थोड्या प्रमाणातच मिसळावे.